आबा, शेताच्या तुकड्यांची, आपल्या कुणग्यांची नावं दिलीत त्याबद्दल

आबा, तुमच्यासमोर बसून हे बोलायला गेलो की घसा दाटतो, म्हणून लिहितोय, नातीकडून वाचून घ्या.

तीन वर्षांपूर्वी परळची खोली सोडून गावी आलो तेव्हा हातात फक्त सातबारा होता. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि सामाईकात चुलत्यांची ही भलीमोठी यादी. जमिनीवर मात्र घाणेरी आणि करवंदीचं रान, बांधाची मेर कुठली नि पाण्याचा व्हाळ कुठला काही कळत नव्हतं. तुम्ही कोयता घेऊन पुढे झालात आणि पहिलंच विचारलंत, "नाव म्हायत नाय तर हाक कशी मारतलस?"

मग एकेक कुणगा दाखवत गेलात. फणसाखालचा, खालचा मळा, आणि तो म्हातारीचा कुणगा, जिथे पणजोबा मुंबईला गिरणीत असताना माझ्या पणजीने एकटीने डोक्यावरून माती वाहून मेर घातली, मनिऑर्डर यायची तेव्हा यायची पण भाताच्या रोपांचा तरवा काय तिच्यासाठी थांबणार होता? आमच्या घरात ही गोष्ट कोणी कधी सांगितलीच नाही हो.

त्या दगडी गडग्याचं तर काय सांगू. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर आजोबा गावी आले एवढंच आम्हाला माहीत, घरी तो विषय निघाला की सगळे गप्प व्हायचे. तुमच्याकडून कळलं की त्या दिवसांत त्यांनी हा अख्खा गडगा रचला आणि दगड द्यायला तुम्ही होतात. मी ढासळलेला भाग सिमेंटने बांधूया म्हणत होतो. तुम्ही एक जांभा दगड उचललात, हातात दोनदा फिरवलात, सपाट बाजू खाली बसवलीत, डुगडुगला तिथे बारीक कपची सारलीत आणि म्हणालात, पावसाचं पाणी फटीतून जाऊक व्हया, अडवलं तर तेच गडगा ढकलतं. गेल्या जुलैत तसा पाऊस झाला, आबा, एक दगड हलला नाही. मी छत्री घेऊन बराच वेळ तिथेच उभा होतो, आजोबांचा हात आणि तुमचा हात एकाच भिंतीत दिसत होता.

पहिल्या वर्षीचं भात डुकरांनी नेलं तेव्हा मी परत जायच्या तयारीत होतो. त्या संध्याकाळी तुम्ही काही न बोलता वालय भाताचं बी पडवीत ठेवून गेलात. यंदा त्याच भाताची पेज आमच्या चुलीवर शिजली, माझ्या पोरीने दोन वाट्या खाल्ल्या.

तुम्ही सांगितलेलं सगळं फोनवर रेकॉर्ड केलंय, आता वहीत उतरवतोय, कुणग्याचं नाव, कोणी कसला, काय पिकायचं. चुलतभावांना ते पाठवलं तर दोघे मे महिन्यात बघायला येतो म्हणालेत, एकाने तर फणसाखालचा कुणगा मी करीन असं कळवलंय.

व्हाळाकडच्या शेवटच्या कुणग्याचं नाव तेवढं राहिलंय. वहीत त्याच्यासाठी पान कोरं ठेवलंय. उद्या सकाळी न्ह्यारीच्या वेळेला येतो, आठवलं तर सांगा.