शेकडा एकचा घोटाळा टळला त्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहायलाच बसलो. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण कोल्हापूरच्या शिरोलीत आणि उद्यमनगरात माझ्यासारखे पॅटर्नवाले, म्हणजे धातूचे भाग (कास्टिंग) ओतायच्या साच्यांसाठी नमुने (पॅटर्न) बनवणारे, पुष्कळ आहेत.

जुन्या कॅड (संगणकावर भागांची डिझाइनं काढायच्या) सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं आमच्या दोन माणसांच्या शॉपला झेपेना, म्हणून फ्रीकॅड या फुकट सॉफ्टवेअरवर जायचं ठरवलं. लायसन्स संपायला १८ दिवस उरले होते आणि फाइली चारशेच्या वर. कुणीतरी म्हणालं, पॅरासॉलिड फॉरमॅटमध्ये काढा, तेच सगळ्यात चांगलं. रात्रभर जागून काढलं. सकाळी फ्रीकॅड त्यातली एकही फाइल उघडेना. थोड्या एसटीएल फॉरमॅटमध्ये काढल्या होत्या, त्या उघडल्या. पण पंप बॉडीचं गोल बोअर (भोक) म्हणजे नुसती त्रिकोणांची गोधडी.

त्या दिवशी तुम्ही आलात आणि माउसला हातही न लावता विचारलंत, "यातलं कास्टिंग कुठलं आणि पॅटर्न कुठला?" मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? ट्रीमध्ये, म्हणजे आकार कसा घडवला त्या पायऱ्यांच्या यादीत, सगळ्यात खाली स्केल (आकार मोठा करायची पायरी) दिसतंच की. मग तुम्ही एक फाइल स्टेप फॉरमॅटमध्ये काढून फ्रीकॅडमध्ये उघडून दाखवलीत. आकार जसाच्या तसा, बोअरही गोल. पण ट्री गायब. स्केच, एक्स्ट्रूड, ड्राफ्ट, शेवटचं १.०१ चं स्केल, काही नाही. एक मुका ठोकळा. बिडाला श्रिंकेज, म्हणजे थंड होताना आकसणं, शेकडा एक धरायचं, म्हणजे २५० मिमीची बॉडी पॅटर्नमध्ये २५२.५. एवढा फरक स्क्रीनवर कुणाला दिसणार? सहा महिन्यांनी त्याच ठोकळ्यावर मी परत १.०१ मारलं असतं आणि मशिनिंगला गेल्यावर बोंब झाली असती.

माझे वडील लाकडाचे पॅटर्न करायचे. त्यांच्याकडे श्रिंकेजची वेगळी पट्टी होती, खुणाच मुळात ताणून मारलेल्या. साधी पट्टी वेगळ्या खिळ्याला, ही वेगळ्या. दोन्हींची गल्लत त्यांनी कधी होऊ दिली नाही. मी मात्र फाइलींना 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन' अशी नावं देत बसलो होतो. तुम्ही ती नावं वाचून हसला नाहीत, हेही आभारातच धरा.

पुढचे चार दिवस संध्याकाळी तुम्ही येत होता. प्रत्येक फाइलचं जुन्या सॉफ्टवेअरमधलं घनफळ एका रकान्यात, फ्रीकॅडमधलं शेजारी. जुळलं तर पुढे. ११ फाइली जुळल्या नाहीत; कडांना बारीक फट राहून त्यांचा भरीव सॉलिड न होता पोकळ शेल झाला होता. मग पार्टीच्या कास्टिंग ड्रॉइंगशी घनफळ ताडून पाहणं. लांबीत शेकडा एक म्हणजे घनफळात शेकडा तीनच्या वर, त्यामुळे पॅटर्न लगेच ओळखू येतो, हे इतकी वर्षं या धंद्यात असून मला सुचलं नव्हतं. पॅटर्नच्या प्रत्येक फाइलच्या नावात श्रिंकेजचा आकडा घालायला लावलात. ड्रॉइंगची पीडीएफ आणि डीएक्सएफ दोन्ही काढून ठेवायला लावलीत, कारण टॉलरन्स (मापात किती कमी-जास्त चालेल ते आकडे) मॉडेलमध्ये नव्हतेच, कागदावर होते. हे मी विसरलोच होतो.

लायसन्स संपलं त्या दिवशी मी निवांत होतो.

फ्रीकॅडचा हात अजून बसलेला नाही. जुना फिलेट (कडेची गोलाई) बदलायचा तर आधी तो पुसावा लागतो, मग नवा द्यायचा. शिव्या येतात तोंडात. त्या ११ पैकी ९ फाइलींच्या फटी शिवून झाल्या. कोअर बॉक्सच्या (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा घडवायच्या पेटीच्या) दोन अजून शेलच आहेत. सवडीनं एखाद्या रविवारी या. आणि या वेळी चहा अर्धा टाकून उठायचं नाही.

आपला,
शिरोलीचा पॅटर्नवाला