हृदयविकारानंतरच्या व्यायामाविषयी मित्रास पत्र

वर्धा

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

काल वहिनींचा फोन आला होता. नागपूरहून अँजिओप्लास्टी करून परतल्यापासून तू ओसरीवरच्या खाटेवरून फारसा उठलेला नाहीस, भेटायला येणारा प्रत्येक जण तुला हलू नकोस म्हणून बजावून जातो आणि तूही आता ‘शेत-वावर विसरायचे’ असे बोलू लागला आहेस, हे त्यांच्याकडून कळले. हृदयरुग्णांना व्यायाम देण्याचेच काम मी रोज करतो, आणि माझ्या बालमित्राला मात्र त्याचा लाभ मिळू नये, हे मला सहन होण्यासारखे नाही. तू वहिनींना घेऊन वर्ध्याला आमच्याकडे यावेस आणि देखरेखीखाली व्यायाम सुरू करावास, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

घरच्यांची समजूत कोठून आली, ते आधी सांगतो. एके काळी डॉक्टरही असेच सांगत असत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहावे लागे. १९५२ मध्ये अमेरिकेतील सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तेवढेही अनेकांना धाडसाचे वाटले. पुढे १९६६ मध्ये डलास येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे केवळ झोपवून ठेवण्यात आले, तर श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची त्यांच्या शरीराची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. धडधाकट मुलांची ही गत झाली. मग पन्नाशी ओलांडलेल्या आणि नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसाने खाट धरली तर काय होईल, याचा विचार तूच कर.

तुझी जी नस अडली होती, ती स्टेंटने, म्हणजे आत बसवलेल्या जाळीच्या बारीक नळीने, मोकळी झाली. परंतु नसा अरुंद करणारा आजार स्टेंटने जात नाही. तो आवरण्यासाठी गोळ्या आहेत, आहार आहे, तंबाखूचा खर्रा कायमचा सोडणे आहे, आणि त्यांच्याच बरोबरीने व्यायाम आहे. नियमित आणि बेताच्या व्यायामाने हातापायांचे स्नायू तेवढ्याच रक्तातून अधिक प्राणवायू काढून घ्यायला शिकतात, त्यामुळे तेच काम करताना हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सुधारते, बीपी आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते. अशा व्यायामावर आधारलेल्या उपचाराला हृदय-पुनर्वसन म्हणतात. ते घेतलेल्या आणि न घेतलेल्या तेवीस हजारांहून अधिक रुग्णांची ८५ चाचण्यांमधील माहिती एकत्र करून तपासली गेली आहे. पुनर्वसन घेतलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी, पुन्हा झटका येण्याचा १८ टक्क्यांनी आणि रुग्णालयात भरती होण्याचा २३ टक्क्यांनी कमी आढळला. सर्व कारणांनी होणाऱ्या मृत्यूंत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. हेही मी मुद्दाम लिहितो, कारण तुला अर्धेच सांगून व्यायामाला लावायचे नाही.

आता देखरेखीचे. तू म्हणशील, चालायचेच तर गावच्या पांदणीने चालेन, त्यासाठी वर्ध्याला कशाला यायचे? अरे, सुरुवातीला नेमके किती चालायचे, हेच कळत नसते. आधी तुझे डॉक्टर इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ताणचाचणी (श्रम करवून घेतलेली हृदयाची तपासणी) पाहून परवानगी देतात. मग आमच्याकडे छातीवर ईसीजीच्या चकत्या लावून, बीपी मोजून, फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) पहिली काही मिनिटे अगदी सावकाश चालवतात. त्यानंतर पट्ट्याचा वेग थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि दर काही मिनिटांनी विचारायचे, ‘किती दम लागला?’ सहा (काहीच श्रम नाहीत) ते वीस (कमाल श्रम) अशा आकड्यांचा एक तक्ता समोर टांगलेला असतो. त्यावर रुग्णाने बोट ठेवायचे, आणि ते साधारण अकरा ते चौदाच्या दरम्यान राहील, हे आम्ही पाहायचे. तुला बहुधा नाडीचा वेग कमी ठेवणारी गोळी सुरू असेल; अशा वेळी नुसत्या नाडीवरून अंदाज बांधता येत नाही, म्हणून हा तक्ता फार उपयोगी पडतो. शेवटी एकदम थांबायचे नाही. वेग उतरवत उतरवत थांबायचे, नाही तर रक्त पायांत साचून भोवळ येते. नवा रुग्ण पट्ट्यावर चढला की त्याचा एक हात दांडीवर आणि दुसरा छातीवर असतो. काही दिवसांनी छातीवरचा हात आपोआप खाली येतो, आणि मला त्या दिवशी ईसीजीच्या पट्टीइतकाच तो हातही महत्त्वाचा वाटतो. वहिनींना सोबत आणायला सांगतो आहे ते यासाठीच. तुला घाम येईपर्यंत चालताना आणि तरीही ठीक असताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तर घरातली निम्मी भीती तिथेच ओसरेल.

धोक्याचे म्हणशील, तर अशा देखरेखीखालच्या व्यायामात हृदय बंद पडण्याचा प्रसंग सुमारे एक लाख तासांमागे एखादा, इतका विरळ नोंदला गेला आहे. आणि तसा प्रसंग आलाच, तर शॉक देण्याचे यंत्र आणि प्रशिक्षित माणसे हाताशी असतात.

शेतीची मेहनत हाच व्यायाम, असेही तुझ्या मनात असेल. कास्तकाराच्या कष्टाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ते कष्ट मोजून मापून येत नाहीत. पाठीवर औषध भरलेला फवारणीचा पंप, तूर काढणीची घाई, श्वास रोखून उचललेले कापसाचे गाठोडे, आणि वर आपल्याकडचे पंचेचाळीस अंशांचे ऊन, हे सारे हृदयावर एकदम येऊन पडते. महिनाभर गोठ्यात उभा असलेला बैल तू पहिल्याच दिवशी दिवसभर औताला जुंपत नाहीस. देखरेखीखाली ताकद वाढली की कोणते काम केव्हा सुरू करायचे, ते आपण एकेक करून ठरवू. डवरणी, निंदण, मग ओझी. वावर सोडायचे नाही, वावरापर्यंत नीट पोहोचायचे आहे.

अशा कार्यक्रमात आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या आणि साधारण बारा आठवडे लागतात. बसभाडे आणि मजुरीचा दिवस मोडतो, हे मला ठाऊक आहे, आणि गावाकडच्या माणसांना हा उपचार दुर्मीळ होण्याचे तेच मोठे कारण आहे. म्हणून पहिले काही आठवडे तू आमच्या घरीच मुक्काम कर. पुढचा व्यायाम लिहून देईन, तो गावात पहाटे ऊन चढण्याआधी करायचा आणि मला फोनवर कळवायचे. चालताना छातीत दाब, हाताला किंवा जबड्याला कळ, अंगाला दरदरून घाम किंवा भोवळ आली तर जागीच बसायचे, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी घ्यायची आणि १०८ ला फोन लावायचा. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नकोस.

येताना डिस्चार्ज कार्ड, इकोचा अहवाल आणि सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आण. कोणत्या गाडीने निघणार ते आदल्या दिवशी कळव, मी स्टँडवर येईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधुकर