अथेनाची मूर्ती संगमरवरी नव्हती

महोदय,

ग्रीक ज्ञानदेवता अथेनाची पार्थेनॉन या अथेन्समधल्या मंदिरातली मूर्ती पांढऱ्या संगमरवराची होती, असा समज सर्रास आढळतो. मंदिर संगमरवरी होते, पण इ. स. पू. 438 मध्ये प्रतिष्ठापना झालेली, शिल्पकार फिडियासची ही मूर्ती सोने आणि हस्तिदंताची होती. उंची सुमारे 12 मीटर. आत लाकडी सांगाडा, चेहरा-हातांवर हस्तिदंताचे पातळ तुकडे आणि वस्त्रांसाठी सोन्याचे पत्रे. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस सोन्याचे वजन 40 टॅलेंट (वजनाचे प्राचीन ग्रीक माप), म्हणजे जवळपास 1,000 किलो सांगतो. हे पत्रे मुद्दाम काढता येतील असे बसवले होते. युद्धात नड पडली तर ते वापरावे, मात्र नंतर तेवढेच सोने परत करावे, असे अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने बजावले होते. पुढे लाखारीस या हुकूमशहाने ते सैन्याच्या पगारासाठी उतरवलेच!

खरी अडचण हस्तिदंताची. कोरड्या हवेत तो आकसतो, तडकतो. पार्थेनॉन जिथे आहे ती अक्रोपोलिसची टेकडी उंच आणि कोरडी, त्यामुळे इथे हस्तिदंत पाण्याने ओलसर राखत, असे प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस नोंदवतो. ग्रीसमधल्याच ऑलिम्पियाच्या दलदलीच्या जागेत मात्र झ्यूस देवाच्या अशाच हस्तिदंती मूर्तीला तेल लागे. मूळ मूर्ती आज नाही. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातली जेमतेम मीटरभर उंचीची रोमनकालीन प्रतिकृती संगमरवरी आहे. छायाचित्र छापताना तिला मूळ मूर्ती म्हणू नये, ही विनंती.

– एक वाचक, पुणे