डबा फेकायच्या आधी झाकण उघड

प्रिय मित्रा,

सनविवि वगैरे राहू दे, थेट मुद्द्यावर येतो. तुझा मेसेज परवाच बघितला होता पण त्याचं उत्तर दोन ओळीत मावणारं नव्हतं आणि फोनवर अंगठ्याने एवढं कोण टाइप करणार, म्हणून आज निवांत बसलोय. तू म्हणतोस कॉम्प्युटर चालू करून अंघोळ उरकून आलं तरी स्क्रीनवर ते गोल गोल फिरतच असतं, एक्सेल उघडायला घेतलं की माउस पण अडकतो, आणि घरात सगळे म्हणतायत फेकून दे हा डबा नि नवीन घे. दे फेकून, माझं काय जातंय, पण आधी ऐकून तरी घे.

तू फोटो पाठवलास त्यात सगळं दिसतंय. आय५-३४७०, म्हणजे २०१२ चा प्रोसेसर, चार कोर. एच६१ बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड. चार जीबी रॅम, एकच पट्टी. आणि पहिल्या दिवसापासूनची ५०० जीबीची हार्डडिस्क. आता तू त्याच्यावर करतोस काय तर हिशेबाच्या फायली, ब्राउझर, फोटो आणि पोराचे लेक्चरचे व्हिडिओ. एवढ्याला तो प्रोसेसर अजून पुरतो रे, दमलीय ती डिस्क. पटत नसेल तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाब, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कचा कॉलम बघ. तो १०० टक्क्यांवर चिकटलाय आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, वीस-तीसवर लोळतोय असं दिसलं की समज. मेमरी पण गच्च भरलेली असेल, आणि रॅम संपली की विंडोज उरलेलं ओझं डिस्कवरच नेऊन टाकतं, म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्याच्या डोक्यावर अजून एक पोतं.

हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, ऐकायला भारी वाटतं, पण हिशोब कर, एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदाच्या वर लागतात, शिवाय हेड इकडून तिकडे सरकायचा वेळ वेगळाच. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली मागतं आणि प्रत्येकीसाठी ही वाट बघणं आलं. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नाहीच त्यामुळे ती वाट जवळजवळ संपते. तुझ्या बोर्डाचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, ३ गिगाबिटवाले आहेत, म्हणजे खोक्यावर छापलेला ५५० एमबीचा स्पीड तुला मिळणार नाही, २७०-२८० ला अडकेल, आणि कोणीतरी शहाणा तुला हे सांगून घाबरवेल की मग काय उपयोग. उपयोग आहे. मोठी फाइल एका दमात वाचायची वेळ आपल्यावर येते कितीदा? फक्त एसएसडीची ती एम.२ वाली पातळ पट्टी उचलून आणू नकोस, तुझ्या बोर्डावर ती बसवायला जागाच नाही. अडीच इंची साटा एसएसडी घे, ५०० जीबीच्या आसपासची. आणि जुनी हार्डडिस्क काढू नकोस, ती फोटो ठेवायला राहू दे. बसवताना बायोसमध्ये (बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय आहे का ते बघून मगच विंडोज टाक, नंतर बदललास तर चालू व्हायला नखरे करतं.

पण त्याच्या आधी, आणि हे मी ओरडून सांगतोय असं समज, फोटोंचा बॅकअप. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची तब्येत दाखवतं. पिवळं दिसलं तर क्लोन-बिन (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) काही करत बसायचं नाही, पहिल्यांदा फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्यायचे.

आता रॅम. अजून एक चार जीबीची पट्टी, डीडीआर३, १६०० वाली. दोन पट्ट्या झाल्या की ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही एकदम, चालतं तोही थोडा फायदा. वापरलेलीच मिळेल, घे बिनधास्त, रॅम सहसा अशी झिजत नाही, फक्त घरी आणल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर चालू ठेव. डीडीआर४ आणू नकोस, खाच वेगळ्या ठिकाणी असते, बसतच नाही. मला कसं माहीत ते विचारू नकोस. आणि नवीन पट्टी घालून बीप बीप करत बसला तर दोन्ही पट्ट्या काढून सोनेरी दात खोडरबरने हळूच पूस आणि परत खटकन आवाज येईपर्यंत दाब, निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

एवढ्यावर थांब. खरंच थांब. पुढे तुला मोह होईल की त्याच सॉकेटवर आय७-३७७० पण बसतो, जुना स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू. माझं असंच झालं होतं. माझाही एच६१ च होता पण सुरुवातीचा, २०११ मधला, सेकंड जनरेशनच्या वेळचा. मी हुशारी केली, आधी जुना प्रोसेसर विकला, त्या पैशात भर घालून आय७ आणला, बसवला, आणि स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, लाइट लागतेय, बाकी ठार. दोन दिवस रॅम काढ, रॅम घाल, केबल बदल, देवाचं नाव घे, सगळं करून झाल्यावर कळलं की त्या बोर्डाला थर्ड जनरेशन, म्हणजे हा ३७७०, ओळखायला बायोस अपडेट लागतो, आणि बायोस अपडेट करायला मशीन चालू व्हायला लागतं, आणि मशीन चालू करायला तो जुना प्रोसेसर लागतो जो मी विकून बसलोय! शेवटी ज्याला विकला त्याच्याकडून एका संध्याकाळीपुरता उसना आणला, काय काय ऐकून घेतलं ते माझं मला माहीत. आणि एवढं करून माझ्या कामात फरक काय पडला तर काही नाही. तेव्हापासून पैसे काढताना मी एवढंच बघतो की ही वस्तू पुढच्या मशीनला नेता येईल का. एसएसडी नेता येते. मॉनिटर, कीबोर्ड नेता येतात. डीडीआर३ रॅम आणि जुना प्रोसेसर त्याच बोर्डाबरोबर मरणार, म्हणून रॅममध्ये अगदी थोडे घाल, प्रोसेसरमध्ये शून्य.

एसएमपीएसचं, म्हणजे पॉवर सप्लायचं, मात्र बघायला पाहिजे. तू म्हणालास मधूनच आपोआप रीस्टार्ट होतो. ते विंडोजचं असेलच असं नाही, इतक्या वर्षांत आतले कपॅसिटर म्हातारे होतात. बोर्डावरचे पण बघ, डोकं फुगलेलं किंवा तपकिरी चिकट काही दिसलं तर फोटो पाठव. एसएमपीएस खोलू मात्र नकोस, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो. बदलायचा झाला तर बऱ्यापैकी कंपनीचा घे, तो पण पुढच्या मशीनला चालेल. धूळ काढ, पंखा बोटाने धरून मगच हवा मार, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवीन लाव. रोज घड्याळ मागे जातं ना, त्यासाठी बोर्डावरचा तो सेल, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, बदलून टाक.

आता खरी अडचण, जी एसएसडीने सुटत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढचे सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळायची सोय आहे पण त्यात नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) पाहिजे, तुझ्याकडे दोन्ही नाही. जुगाड करून टाकतात लोक, पण ज्या मशीनवर तू बँकेचे व्यवहार करतोस तिथे मी नाही टाकणार. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टीम बघ म्हणतो. नाक मुरडू नकोस! पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, काही पुसलं जात नाही. चार जीबीत चालतं, आठमध्ये मजेत. ब्राउझर तोच, मराठी टायपिंग होतं. फक्त एक्सेल नाही, लिबरऑफिस आहे, तुझ्या साध्या बेरजा चालतील पण मॅक्रो (फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या फायली रडवतील. तुझ्या हिशेबाच्या त्या तीन-चार फायली पेनड्राइव्हवाल्या मिंटमध्ये उघडून बघ, नीट उघडल्या तर प्रश्न मिटला.

नाही उघडल्या, किंवा घरच्यांनी ऐकलंच नाही, तर नवीन कोरं मशीन घ्यायच्या आधी ऑफिसांमधून निघालेले रिफर्बिश्ड, म्हणजे ठाकठीक करून विकायला ठेवलेले, डेस्कटॉप बघ. आय५-८५०० सारखं काही, २०१८ चा, सहा कोर, त्यावर विंडोज ११ रीतसर चालतं. जनरेशन नीट वाच, नुसतं आय५ म्हणून गळ्यात मारतात, सातव्याचा घेतलास तर परत तिथेच. ती छोटी कॅबिनेटवाली मशीनं दिसायला गोड असतात पण बऱ्याचदा एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्याच मापाचे, उद्या बिघडला तर बाजारातला बसत नाही. आणि कोरंच घ्यायचं झालं तर रायझन ५ ५६००जी सारखं बघ, त्यात ग्राफिक्स आतच आहे. शेवटचा जी विसरू नकोस, नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, इंटेलमध्ये एफ लिहिलेलं असलं की तसंच, मग डिस्प्लेच येत नाही म्हणून डोकं धरून बसशील. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव पण चढलेत, डेटा सेंटरवाले सगळी मेमरी उचलतायत, त्यामुळे नव्याची घाई नको असं माझं मत. तुझा मॉनिटर जुना व्हीजीएवाला आहे, तो ठेव, एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर मिळतो.

तर रविवारी झाकण उघड. प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाल. रॅमच्या पट्टीवरचा स्टिकर, बोर्डावर छापलेलं नाव आणि एसएमपीएसच्या बाजूचं लेबल, तिघांचे फोटो पाठव, काय आणायचं ते नक्की सांगतो. आणि हो, माझा मॅग्नेटवाला स्क्रूड्रायव्हर गेल्या वर्षापासून तुझ्याकडेच आहे, तो शोध. तुला लागणारच आहे, पण काम झालं की परत पाठव लेका.

तुझाच,
खोडरबरवाला