"आडवं काय आलं?" असं विचारणाऱ्या ताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री टेबल आवरताना तुमचे आभार मानायचे राहिले, आणि ते मनातून जाईना. म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण कोल्हापुरात फासे घेऊन गोष्टीचा खेळ (रोल-प्लेइंग गेम) चालवणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं असं वाटतं. या खेळात एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली एकेक पात्रं होतात, आणि काम जमलं की नाही हे फासे ठरवतात. आपल्याकडं गोष्ट चालवत होता तुम्ही.

त्या रात्रीची गोष्ट होती १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्याची: आषाढातला पाऊस, समोर सिद्दी जौहरची चौकी. आपल्यातला सगळ्यात धाकटा गडी पहिल्यांदाच खेळायला बसलेला, आणि त्याचा हेर सगळ्यांच्या पुढं. वीस बाजूंच्या फाशावर ३ पडले. कौशल्याचे ५ मिळवून ८ झाले, लपून पुढं सरकायला हवे होते १५. पोरानं मान खाली घातली. तुम्ही "फेल" म्हणाला नाहीत. "तुझा हेर तर तरबेज आहे. मग आडवं काय आलं?" एवढंच विचारलंत. तो जरा थांबून म्हणाला, "वीज चमकली." ती वीज तुम्ही जशीच्या तशी उचललीत. पहारेकऱ्याला चिखलात हललेली सावली दिसली, कागदावरच्या चार भागांच्या गोलातला एक भाग तुम्ही काळा केलात, आणि चारही भरले की चौकीवर नौबत वाजणार हेही तिथंच सांगून टाकलंत.

त्यानंतर ते पोर रात्रभर बोलत होतं. हरलेल्या फेकीची गोष्ट सांगायचा मान त्याला मिळाला होता ना!

आधी काही टेबलांवर वेगळंच बघितलंय. १ पडला की हशा, तलवार हातातून गळाली, नाहीतर शेजारच्या दोस्तालाच लागली. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच गाजलेल्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत हल्ल्यावर १ पडला तर वार चुकतो, बाकी काही नाही. २०१४ च्या नियमांत कौशल्याच्या फेकीला तर १ म्हणजे आपोआप अपयश असंही नाही. शिवाय या घरगुती शिक्षेचं गणितच उलटं आहे. फेरीत एक वार करणाऱ्या नवशिक्याला १ पडण्याची शक्यता ५ टक्के, चार वार करणाऱ्या कसलेल्या लढवय्याला जवळजवळ १९ टक्के. म्हणजे जो जितका पट्टीचा, त्याच्या हातून तलवार तितकी जास्त पडणार! हे चालवणाऱ्यांनी कधी कागदावर मांडून बघितलं असेल असं वाटत नाही.

दुसरी खोड, लपून जाताना झाडाखाली एक फेक, ओढ्यावर एक, चौकीपाशी आणखी एक. कौशल्याचे ५ धरून १५ गाठायची शक्यता ५५ टक्के. तीनदा लागोपाठ गाठायचे तर १७ टक्क्यांच्या आत. चौघांनी एकेकदा टाकून चौघांनीही पार व्हायचं म्हटलं तर ९ टक्के. अशा ठिकाणी पकडलं जाणं आधीच ठरलेलं असतं, फासे नुसते नावाला. तुम्ही ओढ्यावर चौघांना एकेकदाच टाकायला लावलंत आणि निम्म्यांना जमलं तर सगळे पार, असं धरलंत. हा गटाचा नियम पुस्तकातच आहे. त्यानं तीच शक्यता ७६ टक्क्यांवर जाते. धाकधूक राहते, पण वाटही राहते.

वाटाड्याची खूण तुम्ही फाशावर ठेवलीच नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. जे सापडल्याशिवाय गोष्ट पुढं जात नाही ते फुकट द्यायचं, आणि शोधायला किती वेळ गेला, कुणी बघितलं का, एवढंच फाशाला विचारायचं. गमशू पद्धतीचे तपासाचे खेळ याच पायावर उभे आहेत. नाहीतर दार उघडत नाही, पुन्हा टाक, पुन्हा नाही, पुन्हा टाक, आणि चहा गार होईपर्यंत सगळे त्या दाराशीच. तुमच्याकडं फेकीआधी दोन्ही बाजू उघड असायच्या: जमलं तर हे, नाही जमलं तर ते. नाही जमल्यावर काहीच बदलणार नसेल तर तुम्ही फासा उचलूच दिला नाहीत.

आणि अधलंमधलं यशही तुम्ही ओळखलंत. २०१० च्या अपॉकॅलिप्स वर्ल्ड या खेळात सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. १० किंवा जास्त आले तर पूर्ण यश, ७ ते ९ आलं तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं. अधिक-उणे काही नसेल तर ७ ते ९ यायची शक्यता ४२ टक्क्यांच्या आसपास. तिथली ती मोजायची रीत तुम्ही वीस बाजूंच्या फाशावर आणलीत. १५ हवे असताना १३ आले, तेव्हा दोर बांधला गेला, पण मशाल खाली पडली. काय मोजायचं, हे ज्यानं टाकलं त्यालाच विचारलंत. मशाल की ढाल?

हे नुसतं नियम पाठ असण्याचं काम नाही. चारचौघांत कुणाचा कमीपणा होऊ नये, याची आच माणसाला असावी लागते. दुकानात, शाळेत, तालमीत ती असणारी माणसं लगेच ओळखू येतात. समोरचा चुकला की ती आधी त्याला सावरतात, चुकीचं नंतर बघतात. अशा माणसाशेजारी बसायला मिळालं, हे आमचं भाग्य.

ताई, आता एक मागणं. तो चार भागांच्या गोलांचा कागद आम्हाला द्या. धाकट्याला पुढचा खेळ स्वतः चालवायचा आहे. विशाळगडाची वाट त्यानं काढून ठेवलीय, आणि पहिल्या फेकीला तुम्हीच टेबलावर हव्यात असा त्याचा हट्ट आहे.

तुमच्या टेबलावरचा एक गडी
राजारामपुरी, कोल्हापूर