मंत्रिमहोदय, दम अजून शाबूत आहे

प्रति,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : हात न वापरता व्हिडिओ गेम खेळण्याच्या साधनांबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

हे पत्र मी बोलून लिहितोय. फोन पलंगाच्या कठड्याला बांधलाय, मी बोलतो आणि तो टाइप करतो. 'विहीर' त्याला कळते, पण 'सूर मारला' म्हटलं की तो 'सुरू मारला' लिहितो. तीन ठिकाणी आईकडून दुरुस्त करून घेतलं. उरलेल्या चुका फोनच्या समजाव्यात.

२०११ च्या मे महिन्यात मी मळ्यातल्या विहिरीत सूर मारला. पाणी किती खाली गेलंय ते पाहिलं नव्हतं. मान मोडली. आता मान फिरते, खांदे जरासे उचलतात, त्याखाली काही नाही. त्याआधी मी कराड तालुक्यातल्या आमच्या गावच्या संघात चढाईला जायचो. बोनस घेऊन परत यायचो, एवढी माझी ख्याती. जास्त नाही.

तीन वर्षांनी एका शिबिरात नाव पुकारलं गेलं. फोटो झाला, टाळ्या झाल्या आणि मला तीनचाकी मिळाली. हातानं दांडा फिरवून चालवायची. माझे हात मांडीवर पडलेले सगळ्यांना दिसत होते. देणाऱ्या साहेबांवर माझा राग नाही, त्यांच्या यादीत 'चालता येत नाही' या रकान्यापुढे तीनचाकीच होती. ती गोठ्यात उभी आहे. कोंबड्या तिच्यावर रात्रीच्या बसतात.

आता मुद्द्याचं. चार वर्षांपूर्वी चुलतभावानं जुना लॅपटॉप दिला आणि माझा पुतण्या मला गेम खेळायला शिकवायला बसला. वेबकॅमसमोर मान हलवली की पडद्यावरचा बाण हलतो, भुवया उचलल्या की क्लिक होतं. हे काम करणारं गुगलचं 'गेमफेस' २०२३ मध्ये आलं, फुकट. लान्स कार नावाच्या गेमरचं घर जळालं, त्यात त्याचा डोक्यानं चालवायचा माउसही गेला, आणि त्या अडचणीतून ते उभं राहिलं. त्याच्या जोडीला 'टॅलॉन' नावाचा प्रोग्रॅम, जो आवाजावर बटणं दाबतो.

आवाजाची एक गोम आहे, ती आपल्या अधिकाऱ्यांना कळावी म्हणून जरा सविस्तर सांगतो. शब्द पुरा होईपर्यंत यंत्र थांबतं, मग ओळखतं, मग बटण दाबतं. बुद्धिबळात हे चालतं, तिथं कोणाला घाई नसते. पण फुटबॉलच्या गेममध्ये 'शूट' म्हणेस्तोवर चेंडू गेलेला असतो. म्हणून टॅलॉनमध्ये शब्दाऐवजी नुसते आवाजही लावता येतात. ओठांचा 'पॉप्' म्हणजे एक बटण, 'स्स्स' म्हणजे दुसरं. आमचे आबा बैल हाकताना जीभ टाळूला लावून जो आवाज काढायचे, त्याचाच हा चुलतभाऊ. अडचण एवढीच की कुकरची शिट्टीही 'स्स्स'च करते. डाळ शिजत असली की माझा खेळाडू आपोआप गोळ्या झाडतो.

आणि शब्द इंग्रजीच लागतात. 'रीलोड' माझ्या तोंडून जसा निघतो तसा त्याला पटत नाही. केंद्र सरकारची 'भाषिणी' ही भाषांतराची यंत्रणा २०२२ पासून मराठी ऐकते. तिच्या आधारानं 'उजवीकडे', 'थांब', 'मार' असे पन्नासेक शब्द इंटरनेटशिवाय चटकन ओळखणारं काही बनवणं अवघड नसावं. गावात रेंजचं काय असतं ते आपण जाणताच.

तिसरं साधन आमच्या गल्लीतल्या डिप्लोमाच्या पोरानं केलं. सलाईनची नळी, हवेचा दाब मोजणारा छोटा सेन्सर आणि आर्डुइनो नावाचा छोटा सर्किट बोर्ड. फुंकलं की एक बटण, ओढलं की दुसरं. पहिल्यांदा ती नळी तोंडात धरली आणि हसू आलं. कबड्डीत दम लागायचा, आताही दमच लागतो. माझा आता निम्माही उरला नसेल, पण फुंकण्यापुरता आहे.

हा शोध आमचा नव्हे. अमेरिकेत केन यांकेलेविट्झ हे विमानक्षेत्रातले अभियंता १९८१ पासून मान मोडलेल्या माणसांसाठी तोंडानं चालणारे कंट्रोलर स्वतः बनवत होते. त्याच वाटेवरची 'क्वाडस्टिक' आज मिळते. ओठात धरायची दांडी, तिला फुंकायची भोकं. 'रॉकीनोहँड्स' या नावानं खेळणारा अमेरिकेतला गेमर तिच्यावर 'फोर्टनाइट' हा गेम खेळून गिनेस बुकात गेला. किंमत चारशे डॉलरच्या पुढे. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये शंभर डॉलरला अडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. त्याला १९ जॅक आहेत, साध्या इअरफोनच्या मापाचे. पाय हलत असेल त्यानं पायाजवळ बटण लावावं, हनुवटी हलत असेल त्यानं हनुवटीजवळ. बटण म्हणजे तरी काय, दोन तारा एकमेकींना टेकवणं. दारावरच्या बेलचं बटणही चालतं. कॅनडातल्या 'मेकर्स मेकिंग चेंज' या उपक्रमानं 'लिपसिंक' या तोंडानं चालणाऱ्या जॉयस्टिकचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. आपल्या आयटीआयच्या पोरांना एका सत्रात जमेल असं काम आहे.

मग अडतं कुठं? चारशे डॉलरची क्वाडस्टिक माझ्या ओठांना जमेल की नाही, हे विकत घेतल्याशिवाय मला कळायचा मार्ग नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं मोडलेलं असतं. माझ्यासारखीच दुखापत झालेल्या माझ्या एका मित्राला फुंकणं जमत नाही, पण त्याचा अंगठा दोन मिलिमीटर हलतो. इंग्लंडमध्ये 'स्पेशलइफेक्ट' ही संस्था २००७ पासून हेच करते. माणूस पाहते, साधन जुळवते आणि वापरून बघायला उसनं देते.

मला नेमकं हेच हवंय. साधन वाटू नका, उसनं द्या. जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात एक खोली, एक लॅपटॉप, पाच-सहा प्रकारचे स्विच, एखादी क्वाडस्टिक, आणि ते माणसाला जुळवून देणारा एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट. महिनाभर घरी न्यावं, जमलं तर पुढचं बघावं, नाही जमलं तर परत द्यावं. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग निधी आमच्याकडे मार्च आला की घाईघाईनं संपवला जातो. त्यातून दोन स्विच घेता येतील, असं एक परिपत्रक निघालं तरी पुष्कळ होईल.

'गेम' म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, हे मी अनुभवलंय. एका कार्यालयात पुतण्यानं अर्ज दिला तर "दिवसभर मोबाईलच, आणि वर आम्ही मदत करायची?" असं ऐकून आला. पैशांचे गेम मी खेळत नाही. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं ते बंदच केलेत, आणि त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, खेळ म्हणून मान्यता दिलीय. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ आपण एकदा उघडून पाहावं. मनोरंजनात भाग घेता यावा म्हणून तंत्रज्ञान आणि सहायक उपकरणं विकसित करावीत, असं त्यात लिहिलंय. करायचं कोणी, तर सरकारनं आणि स्थानिक प्राधिकरणांनी.

आणखी एक, हे आपल्या खात्याबाहेरचं आहे, पण मंत्रिमंडळात आपण शेजारीच बसता. राज्यानं २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं. त्यातून सवलत घेणाऱ्या कंपन्यांना एवढी अट घाला की गेममधली सगळी बटणं खेळणाऱ्याला हवी तशी बदलता आली पाहिजेत. प्रोग्रॅमरला हे सुरुवातीलाच केलं तर फारसं जड जात नाही. नंतर कोणी करत नाही.

अपघातानंतरची कितीतरी वर्षं घरात माझ्याशी कोणी भांडलं नाही. पत्ते खेळताना माझी पानं आई धरायची आणि सगळे माझ्याकडून हरायचे, ठरवून. मागच्या दिवाळीत पुतण्या फुटबॉलमध्ये तीन-दोननं हरला आणि ओरडला, "काका, चिटिंग! तू नळी दोनदा फुंकलीस!" वहिनी त्याला गप्प करायला धावली. मी म्हटलं, थांब, भांडू दे त्याला. फुंकली होती मी दोनदा.

ती तीनचाकी परत न्यायची असेल तर माणूस पाठवावा. चाकं ठीक आहेत, साखळीला तेल लागेल. हात चालणाऱ्या कोणाच्या तरी ती कामी येईल. कोंबड्यांची सोय आम्ही करतो.

आपला,
कराड तालुक्यातला एक माजी चढाईपटू