स्किमरच्या व्हॉल्व्हला रोज हात लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की कोल्हापुरात सागरी मत्स्यालय ठेवणाऱ्यांच्या तोंडी एकच तक्रार सुरू होते : प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारे यंत्र) नीट चालत नाही. कुणाचा रात्रीतून उतू जातो, कुणाच्या घाण साठवणाऱ्या कपात आठवडाभर थेंब पडत नाही. मग पंप बदलला जातो, नाहीतर आठ-दहा हजारांचा स्किमर निम्म्या किमतीत विकून दुसरा आणला जातो. यातले बहुतेक स्किमर धडधाकट असतात. बिघडलेली असते ती संपमधली, म्हणजे टँकखालच्या जोडटाकीतली पाण्याची पातळी, आणि तिच्याकडे न बघता स्किमरमधून पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह पिळत बसल्याने घोळ वाढत जातो. मासे आणि प्रवाळ यात हकनाक मरतात, म्हणून हे पत्र.

आधी स्किमर करतो काय ते. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि प्रवाळांचा चिकट स्राव यांतून जे सेंद्रिय पदार्थ पाण्यात उतरतात, त्यांतल्या बऱ्याच रेणूंचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि दुसरे पाण्यापासून दूर पळते. असे रेणू हवेच्या बुडबुड्याला बिलगतात, फेसाबरोबर स्किमरच्या मानेतून वर चढतात आणि कपात सांडतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीकच राहतात, गोड्या पाण्यात ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. म्हणून हे यंत्र समुद्री टँकमध्येच चालते. एकदा घाण कुजून तिचे नायट्रेट झाले की स्किमर ते काढू शकत नाही. वाढलेले नायट्रेट उतरवायला मोठा स्किमर घेणाऱ्यांनी आधी पाणी बदलावे.

आता मुद्द्याची गोष्ट. संपमध्ये बसणाऱ्या प्रत्येक स्किमरला किती खोल पाण्यात उभे करायचे याचा आकडा कंपनीने दिलेला असतो, साधारण 18 ते 23 सेंमीच्या दरम्यान. ही खोली स्किमरच्या पायापासून पट्टी लावून मोजा, अंदाजाने नको. पाणी जास्त असेल तर स्किमरखाली ॲक्रिलिकचे स्टँड द्या. आणि ती पातळी दिवसभर, रोज, तीच राहिली पाहिजे. खरी अडचण इथे आहे.

चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टँक म्हणजे साधारण 255 लिटर. उन्हाळ्यात वर पंखा लावला की त्यातून दिवसाला चार-साडेचार लिटर पाणी सहज उडते. वरच्या टँकची पातळी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जिथून पाणी खाली संपमध्ये सांडते त्या काठाशी कायम राहते, म्हणून ही घट दिसते ती संपमध्ये. संप 75 बाय 30 सेंमीचा आणि आत आडव्या काचा नसलेला असेल, तर साडेचार लिटर उडाल्यावर पातळी 2 सेंमी खाली जाते. स्किमरच्या मानेतला फेस बसायला तेवढे पुरते. मालक संध्याकाळी बघतो, फेस नाही. फेस वर चढावा म्हणून तो व्हॉल्व्ह आवळतो. रात्री आठवण झाली की बादलीभर आरओचे पाणी ओततो. पातळी 2 सेंमी वर येते, व्हॉल्व्ह आवळलेलाच असतो, आणि पहाटे कप भरून संपच्या कपाटात घाण पसरलेली असते. दोष कुणाला? स्किमरला!

यावर उपाय दोन. संपमध्ये स्किमरचा कप्पा वेगळा करून त्याच्या पुढे ठरावीक उंचीची आडवी काच बसवा. पाणी तिच्यावरून सांडून रिटर्न पंपाच्या (संपमधले पाणी परत वर टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात जाईल आणि बाष्पीभवनाची सगळी घट त्या शेवटच्या कप्प्यातच दिसेल. दुसरा उपाय ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे फ्लोट किंवा सेन्सर लावून आरओचे पाणी थोडे थोडे आपोआप भरणे. मीठ उडत नाही, पाणीच उडते. म्हणून भरायचे ते गोडे पाणी, खारे नव्हे. जुना संप बदलणे जमत नसेल तर निदान सकाळ-संध्याकाळ मार्करच्या खुणेपर्यंत पाणी भरा.

नवा स्किमर बसवताना आधी बादलीत पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन तो तासभर चालवा. कारखान्यातले तेल, चिकटपणा निघून जातो. मग स्वच्छ धुऊन संपमध्ये ठेवा, हवेची नळी पूर्ण उघडी, पाणी बाहेर जाण्याचा व्हॉल्व्हही पूर्ण उघडा. पहिला दिवस तसाच जाऊ द्या. दुसऱ्या दिवसापासून व्हॉल्व्ह जेमतेम आठवा हिस्सा फिरवायचा आणि 24 तास थांबायचे. पाणी आणि फेस यांची सीमा मान जिथे सुरू होते तिथे स्थिर झाली, आणि मानेतला फेस सावकाश चढून कपाच्या काठाशी फुटू लागला, की हात काढून घ्या. अंग मुरायला स्किमरला पाच दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. नव्या टँकमध्ये दोनच क्लाउनफिश असतील तर फेस होणारच नाही. काढण्याजोगे पाण्यात काही नसते.

खाद्य टाकल्यावर फेस बसतो, याचा धसका घेऊ नये. फ्रोझन मायसिस किंवा आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जिवांच्या खाद्यातले तेल फेस मोडते आणि दोन-तीन तासांत सगळे पूर्ववत होते. हात घातल्यावरही तेच होते. डोक्याला खोबरेल लावून त्याच हाताने दगड हलवले तर तर विचारूच नका. अशा वेळी व्हॉल्व्ह आवळणाऱ्याच्या घरी मध्यरात्री स्किमर उतू जातो, कारण तेलाचा परिणाम ओसरलेला असतो आणि व्हॉल्व्ह मात्र तसाच असतो. उलट प्रकारही आहे. प्रवाळ चिकटवायची इपॉक्सी पुट्टी, औषधे, नळाचे पाणी माशांना चालेल असे करणारे कोरफडीचे कंडिशनर पाण्यात पडले की स्किमर एक-दोन दिवस वेड्यासारखा फेसाळतो. तेव्हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून वाट बघावी. आरओचे पाणी वापरणाऱ्याला कंडिशनरची गरजच नाही. आंबा घाट उतरून रत्नागिरीहून कॅन भरून समुद्राचे पाणी आणणाऱ्यांनाही पहिले दोन दिवस हाच अनुभव येतो. ते पाणी बंदरातले किंवा खाडीतले नसावे, आणि पावसाळ्यात तर आणूच नये; नद्यांच्या पाण्याने क्षारता उतरलेली असते. घरी रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) 35, म्हणजे हजारी 35 भाग, दिसल्याशिवाय ते टँकमध्ये घालू नका. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा मात्र उचलू नका, मेलेला वाटला तरी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे.

लाइट जाण्याचा विषय स्वतंत्र आहे आणि सर्वाधिक नुकसान त्यातच होते. रिटर्न पंप थांबला की वरच्या टँकचे पाणी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत संपमध्ये उतरते. 120 बाय 45 सेंमीच्या टँकमधून 2 सेंमी पाणी उतरले तरी ते जवळपास 11 लिटर होते, आणि वर सांगितलेल्या संपमध्ये त्याने पातळी सुमारे 5 सेंमी चढते. लाइट आल्यावर स्किमर आणि रिटर्न पंप एकदम सुरू होतात. स्किमर पाच सेंमी जादा खोल पाण्यात असतो आणि रिटर्न पंपाने पाणी वर नेईपर्यंत कप भरून वाहतो. डिले टाइमरने स्किमर दहा मिनिटे उशिरा सुरू केला की हा प्रश्न मिटतो.

काही जण काळजीपोटी स्किमर तेवढा इन्व्हर्टरवर घेतात. हे तर नक्कीच करू नका. रिटर्न पंप बंद, संप काठोकाठ, आणि त्यात स्किमर चालू, म्हणजे उतू जाण्याची हमीच. इन्व्हर्टरवर घ्यायचा तो टँकमधला वेव्हमेकर, म्हणजे पाणी खेळते ठेवणारा छोटा पंप, पृष्ठभाग हलता ठेवेल असा. पाणी गरम झाले की त्यात प्राणवायू कमी मावतो : 35 क्षारतेच्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे सुमारे 6.7 मिलीग्रॅम, 30 अंशांना 6.2. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने हा आकडा आपल्याकडे आणखी सहा-सात टक्क्यांनी खाली येतो. एप्रिलच्या दुपारी तीन तास लाइट नसेल तर मासे आधी गुदमरून जातात. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसी पंप त्यावर गुणगुणतात आणि तापतात, तेही बघावे.

हवेच्या नळीकडे कुणाचे लक्ष नसते. जिथे हवा पाण्याला मिळते तिथे मिठाचा पापुद्रा धरतो, हवा कमी होते, बुडबुडे मोठे होतात आणि फेस पातळ पडतो. आठवड्यातून एकदा नळीचे तोंड कोमट आरओ पाण्याच्या वाटीत काही सेकंद बुडवा. पाणी ओढले जाते आणि मीठ विरघळते. एरवी ते तोंड संपच्या पातळीच्या वरच असावे. आणि ते कुठे उघडते हे बघाच. कॉइल, मच्छर मारण्याचे लिक्विड, झुरळांचा स्प्रे, देवघरातला धूप यांचा धूर-वास स्किमर खोलीतून ओढून थेट पाण्यात मिसळतो. डासांच्या औषधांतली पायरेथ्रॉइड्स कोळंबी आणि खेकड्यांसाठी जहाल विष आहेत. टँकच्या खोलीत ही औषधे वापरू नका, किंवा नळी लांबवून खिडकीबाहेर सोडा. स्वयंपाकघर लागूनच असेल तर फोडणीच्या तेलकट वाफेनेही फेस बसतो.

मानेच्या आतला मेणचट थर दर दोन-तीन दिवसांनी पुसायचा, साबण न लावता. तो साचला की फेस चढायचा थांबतो. पंप आणि इम्पेलर (पंपातले फिरते पाते) दर दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये.

कपात काय यावे यावर दोन मते आहेत. काकवीसारखा काळा, घट्ट आणि उग्र वासाचा द्रव हवा असे काही जण म्हणतात. फिकट तपकिरी, पातळ निघाला तर जास्त घाण जाते असे काहींचे म्हणणे. आमच्या मते आपल्या हवेत आणि विजेच्या लहरीपणात मधला मार्ग बरा, घट्टकडे झुकलेला. पातळ काढायचे तर प्रत्येक लिटरबरोबर मीठही जाते आणि टॉप-ऑफ त्या जागी गोडे पाणी भरतो. आठवड्याला एक लिटर असे गेले तर 255 लिटरच्या टँकमध्ये महिन्याभरात क्षारता 35 वरून साडेचौतीसवर येते. म्हणून पातळ काढणाऱ्याने काढले तेवढे खारे पाणी परत घालावे.

शहरातल्या मत्स्यालय विक्रेत्यांना एक विनंती. आयात केलेल्या स्किमरच्या खोक्यातला कागद बहुतेकदा चिनी किंवा मोडक्या इंग्रजीत असतो, कधी नसतोच. विकताना मराठीत अर्धे पान द्या : पाण्याची खोली सेंमीत, पहिल्या दोन आठवड्यांत काय अपेक्षित आहे, मान किती दिवसांनी पुसायची, पंप किती महिन्यांनी उघडायचा, इम्पेलर सुटा मिळतो का आणि केवढ्याला. गिऱ्हाइकाच्या संपचे माप विचारल्याशिवाय स्किमर देऊ नका. ज्याच्या संपमध्ये 15 सेंमीच पाणी राहते त्याला 22 सेंमीचा स्किमर विकला, तर तो कधीच चालणार नाही.

कळावे,
आपला,
एक सागरी मत्स्यालयधारक
राजारामपुरी, कोल्हापूर